आधी अनुमान, मग निरीक्षण

चहा नको म्हणालास, दूध चालत नाही म्हणून. बिस्किटही नको, मैदा म्हणून. बरं. मग रिकाम्या हातांनी बस आणि ऐक. मोबाइल इकडे दे.

तीन आठवड्यांचे रंगीत आलेख दाखवलेस. वर तोंड करून सांगतोस, ‘बाई, पोट का फुगतं ते ॲपमुळे सापडलं. मला गहू बाधतो.’ नववीत प्रयोगवहीत काय करायचास, आठवतं? लंबक हलवायच्या आधीच अनुमान लिहून मोकळा व्हायचास आणि त्याला जुळतील असे आकडे वरच्या तक्त्यात भरायचास. लाल पेनाने अख्खं पान खोडलं होतं मी. इतकी वर्षं झाली, खोड गेली नाही. वहीचं ॲप झालं एवढंच.

हे बघ तुझं निरीक्षण. सोमवारच्या चार नोंदी, चारही रात्री पावणेबाराला. सकाळचं खाणं मध्यरात्री आठवून लिहिणं ही नोंद नव्हे, निबंध आहे. नुसतं ‘भाजी’ लिहिलंस. कसली? कांदा किती, लसूण किती? ‘बाहेर खाल्लं’ हा पदार्थ कुठे मिळतो रे? ऑफिसातले पाच चहा गायब. चार तासांची झोप गायब. डोकं दुखलं म्हणून उपाशीपोटी घेतलेली गोळी गायब. शनिवार-रविवार तर कोरेच. त्या दिवशी जेवत नाहीस, की लिहायची लाज वाटते?

आणि असल्या वहीवरून पोळीला फाशी! अरे, तुझ्या घरी दोन्ही वेळा पोळी असते. पोट दुखलं त्या दिवशी पोळी होती, दुखलं नाही त्या दिवशीही होती. वर्गात पेन चोरीला गेलं, तर त्या दिवशी हजर असलेला प्रत्येक मुलगा चोर ठरत नाही. तुझी पोळी तर शंभर टक्के हजेरीची विद्यार्थिनी. ॲप फक्त हजेरी मोजतं. चोर शोधायला डोकं लागतं.

समजा, गव्हानेच त्रास होतो. पण गव्हातल्या कशाने? तू ग्लुटेनचं, म्हणजे त्यातल्या प्रथिनाचं, नाव घेऊन बसलास. गव्हात फ्रुक्टान नावाची साखळीदार साखरही असते. ती आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना आळीपाळीने तीन प्रकारचे बार खायला दिले. एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाहीत. प्रत्येक प्रकार सात दिवस, आणि आपण कोणता खातोय हे कुणालाच ठाऊक नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. ग्लुटेनचा आणि नुसत्या बारचा फरक पडला नाही. याला प्रयोग म्हणतात. तेच फ्रुक्टान कांद्यात आणि लसणात भरपूर असतं. पोळी सोडलीस आणि कांद्याची भजी मात्र चालू!

गहू सोडलास म्हणतोस, पण आमटीतल्या हिंगाची डबी वाचलीस? बाजारातल्या बऱ्याचशा बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं.

आता खरी चूक ऐक. सिलिअ‍ॅक नावाचा आजार असतो. त्यात ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच गहू बंद केला, तर आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आधी तू पुरावाच पुसून ठेवलास.

दुधाचंही तेच. लॅक्टोज पचवणारं विकर कमी पडलं की पोट गुडगुडतं, हे खरं. पण असा त्रास असलेल्या बहुतेकांना एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, सोसतं. दह्या-ताकात ते त्याहून कमी. तू किती प्यायलास ते लिहिलंच नाहीस, आणि दूध-दही-ताक एका फटक्यात बाद.

आणि ती बोटातून रक्त काढून दोनशे पदार्थांची यादी देणारी तपासणी! ती रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजते. तू तो पदार्थ खात आलास, एवढाच त्याचा अर्थ. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच सांगितलं होतं की अन्न बाधतं का हे ठरवायला ती वापरू नये. पैसे देऊन तू स्वतःचाच मेनू विकत घेतलास.

ॲप वाईट असं मी म्हटलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने ‘चिडखोर आतडं’ म्हणतात त्या विकारासाठी आहाराची पद्धत बसवली आणि तिचं ॲपही काढलं. तिचे टप्पे तीन. संशयित पदार्थ २ ते ६ आठवडे बंद. मग एका वेळी एकच, थोड्यापासून वाढवत परत. मग जे सोसतं ते ताटात कायम. हे सगळं आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. तू पहिल्या टप्प्यावरच संसार थाटलास, आणि तुझी आई तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करून दमली.

आता सांगते ते कर. उद्यापासून पोळी सुरू. डॉक्टरकडे जा, गहू सोडला होतास हे लपवू नकोस, आणि तपासणी कधी करायची ते त्यांना ठरवू दे. नोंद ताटावरून उठलास की लगेच कर: काय, किती, किती वाजता, आणि त्रास केव्हा सुरू झाला. झोप, चहा, गोळ्या, सगळं. बरं वाटलं तो दिवसही लिही. शौचावाटे रक्त पडलं, वजन आपोआप उतरलं, तर आलेख काढत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. खाल्ल्यावर ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर ॲप उघडायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

दोन आठवड्यांनी नोंदी घेऊन ये. अनुमानाची जागा कोरी असली तरी चालेल. निरीक्षणाची कोरी दिसली, तर पुन्हा लाल पेन काढीन.