मेजवानीतली साक्ष

थर्टी फर्स्टच्या पार्टीत एखादा ख्रिस्ती तरुण ‘मी घेत नाही’ म्हणाला, की महाराष्ट्रात त्याला हमखास ऐकावं लागतं, ‘अरे, तुमच्यात तर चालतं ना?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हिंदी सिनेमाने कित्येक वर्षं ख्रिस्ती माणूस दाखवला तो बाटली हातात धरून झिंगणारा, आणि ख्रिस्ती मुलगी दाखवली ती कॅबरे नाचणारी. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना फ्रान्सेस विलर्ड यांच्या दारूविरोधी स्त्री-चळवळीशी जोडल्या गेल्या होत्या, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आणि सगळा दोष सिनेमाचाही नाही. आमच्याही काही लग्नांत, बाप्तिस्म्याच्या जेवणांत दारू मांडली नाही तर यजमानाला कमीपणा वाटतो. तेव्हा त्या तरुणाला दोन्हीकडून ऐकावं लागतं. मित्र म्हणतात, घे. घरचे पाहुणे म्हणतात, घे की, आपल्यात चालतं. नकार दिला की ‘काय फादर, आज प्रार्थना का?’ अशी चेष्टा सुरू होते. त्याच रात्री त्याच्या चर्चमध्ये सरत्या वर्षाची उपकारस्तुती चालू असते.

त्याने तिकडे निघून जावं, पार्टीला येऊच नये, हा सल्ला सोपा आहे. तो शुभवर्तमानातून मात्र निघत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचं पहिलं चिन्ह घडतं ते काना गावच्या लग्नात. तिथे सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावेल एवढे. द्राक्षारस संपला आणि वरपक्षाची लाज जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याने पाण्याचा द्राक्षारस करून ती राखली. लेवी या जकातदाराने मोठी मेजवानी दिली, तर तिथेही तो जाऊन बसला. अशा पंगतींमुळेच विरोधकांनी त्याला खादाड आणि दारूबाज ठरवलं. नाव खराब होण्याची भीती त्याने बाळगली असती, तर जकातदारांच्या घरी तो गेलाच नसता.

म्हणून ‘जावं का’ हा मुख्य प्रश्न नव्हे. तिथे आपण कोणाचे होऊन बसतो, हा मुख्य प्रश्न आहे.

संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात मित्रांच्या संगतीविषयी जे लिहिलं, त्याच्याइतकं खरं मला दुसरीकडे क्वचितच सापडलं. सोळाव्या वर्षी त्याने सोबत्यांबरोबर शेजारच्या झाडावरची नाशपातीची फळं चोरली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती. पुढे कितीतरी वर्षांनी त्या रात्रीचा हिशेब मांडताना त्याला कळलं, की एकटा असतो तर मी हे केलंच नसतं. दुसरी गोष्ट त्याचा मित्र अलिपियस याची. रोममध्ये कायदा शिकणाऱ्या या तरुणाला मित्रांनी थट्टामस्करीत ओढून ग्लॅडिएटरांच्या खेळाला नेलं. त्याने बजावलं, माझं शरीर न्याल, मन कसं न्याल? तो डोळे मिटून बसला. मैदानात एक जण पडला, लोकांनी गर्जना केली आणि त्याने डोळे उघडले. मग ते मिटले नाहीत. पुढे तोच इतरांना खेळाला ओढून नेऊ लागला. ऑगस्टीनच्या मते त्याची चूक अशी, की त्याने देवाऐवजी स्वतःच्या बळावर भरवसा ठेवला.

पण या दोघांची गोष्ट इथे संपत नाही. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत ऑगस्टीनने प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं. समोर आलं ते रंगेलपणा आणि दारूबाजी सोडून द्यायला सांगणारं वचन. तिथेच त्याचं आयुष्य वळलं. शेजारी अलिपियस होता. त्याने पुढची ओळ वाचली. ती विश्वासात दुबळा असलेल्याला जवळ करण्याविषयी आहे, आणि ती त्याने स्वतःला लावून घेतली. पुढच्या वर्षी ईस्टरला दोघांचा बाप्तिस्मा एकत्र झाला. माणूस मित्रांमुळे घसरतो आणि मित्रामुळेच सावरतो, हे या दोन आयुष्यांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं उपदेशाच्या पुस्तकांत दिसत नाही.

जुन्या करारातल्या दानिएलाचंही तसंच. बाबेलच्या राजवाड्यात तो एकटा नव्हता. हनन्या, मिशाएल आणि अजऱ्या बरोबर होते. राजाचं अन्न आणि द्राक्षारस नाकारताना त्याने कोणाचा अपमान केला नाही. कारभाऱ्याला अदबीने विनंती केली, दहा दिवस शाकान्न आणि पाणी देऊन पाहा. त्याच राजवाड्यात तो राहिला, शिकला, पुढे राजाच्या सेवेत उभा राहिला. नकार दिला म्हणजे नातं तोडायलाच हवं असं नाही, हे तो दाखवतो.

पौल तर आणखी पुढे जातो. करिंथ या बंदराच्या शहरात ख्रिस्ती माणसाला परधर्मी मित्रांच्या घरून जेवणाची आमंत्रणं येत. पौल म्हणतो, जायचं असेल तर जा, वाढतील ते खा, मांस मूर्तीला वाहिलेलं आहे का अशा चौकशा उगाच करू नका. मात्र माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल, तर मी मांस कधीच खाणार नाही, असंही तो सांगतो. इथे त्याचं लक्ष स्वतःच्या पावित्र्यावरून शेजारच्या माणसाकडे वळलेलं आहे.

माझं सांगणं एवढंच आहे. पार्टीत ख्रिस्ती विश्वास जगणं म्हणजे स्वतःचा ग्लास कोरडा ठेवणं इतकंच नाही. नुकत्याच गावाहून आलेल्या मुलाच्या हातात चौघं बळेच पेग देत असतील, तर ‘राहू दे, त्याला नको आहे’ असं पहिल्यांदा कोण म्हणतो? तोल गेलेल्या मैत्रिणीचे फोटो काढले जात असताना ते थांबवून तिला सुखरूप घरी कोण पोचवतो? रात्री दीडला कोण गाडीची किल्ली काढून घेतो? जेवण आणून देणाऱ्या पोराशी कोण नीट बोलतो? न पिणारा माणूस हे सगळं न करता घरी गेला, तर त्याने फक्त स्वतःला जपलं. आणि स्वतःला जपणं हा ख्रिस्ताचा मार्ग कधीच नव्हता.

हे एकट्याच्या अंगावर टाकता येत नाही, आणि इथे आमच्या मंडळ्यांची जबाबदारी सुरू होते. संडे स्कूलपासून तरुण संघापर्यंत आम्ही मुलांना वर्ज्य गोष्टींची यादी देतो आणि मग अलिपियससारखं एकटं गर्दीत सोडतो. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं. आपल्याही मुलांना असा एक सोबती शोधून द्या. तो ख्रिस्तीच असला पाहिजे असंही नाही. न पिणारे, विवेक सांभाळणारे हिंदू, मुस्लिम, बौद्ध मित्र त्याच खोलीत त्याच दडपणाखाली बसलेले असतात. आणि आपल्या लग्नाच्या मांडवात आधी नकाराला मान द्या, म्हणजे बाहेर नकार देताना मुलाच्या पाठीशी घर उभं आहे असं त्याला वाटेल. सकाळी तो परतला की ‘घेतलीस का?’ एवढंच विचारू नका. ‘तुझ्यासोबत कोण होतं, आणि तू कोणासोबत होतास?’ असंही विचारा. त्याच्या विश्वासाची खरी परीक्षा याच उत्तरात आहे.