भिंतीला उजेड द्यावा

पुणे

चि. बाळास,


जयपूरच्या मानसरोवर भागातल्या तुझ्या खोलीचे फोटो नीट पाहिले. मॉनिटर चांगला घेतला आहेस, खुर्चीही पाठीला आधार देणारी दिसते. रात्री जेवण झालं की दिवा बंद करून, हेडफोन लावून मित्रांबरोबर खेळायला बसतोस आणि तासा-दोन तासांत डोळे चुरचुरायला लागतात, असं तू सांगितलंस. आता खोलीभर लावायला रंगीत एलईडी पट्ट्यांचा मोठा संच मागवायचा तुझा विचार आहे, आणि कुठला घेऊ म्हणून विचारतो आहेस. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. नोकरीची सगळी वर्षं मी जयपूरच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, आणि प्रकाश शिकवायला त्या शहराहून चांगली प्रयोगशाळा मला मिळाली नाही. म्हणून बरीचशी उदाहरणं तिथलीच देते. ती सगळी तुझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत, एखाद्या रविवारी जाऊन बघ.

आधी चुरचुरण्याचं. खेळताना माणूस पापणी कमी वेळा मिटतो, त्यामुळे डोळा कोरडा पडतो. ते एक कारण. दुसरं कारण तुझ्या खोलीत आहे. काळोखात एकच लखलखता चौकोन असला की नजर पडद्यावरून जरा बाजूला गेली तरी उजेडातून थेट अंधारात पडते, आणि डोळ्याला पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. प्रकाशयोजनेचे जाणकार साधारण असं प्रमाण सांगतात की कामाच्या जागेचा उजेड तिच्या लगतच्या भागाच्या तिप्पट असावा, आणि दूरच्या कोपऱ्यांच्या दहापट, त्याहून जास्त नको. तुझ्या खोलीत ही तफावत शेकडो पटींची असणार. म्हणजे तुला उजेड हवा आहे, पण थोडा, आणि योग्य जागी. ती जागा म्हणजे भिंत. दिवा कुठेही दिसू नये, उजळलेली भिंत मात्र दिसावी, एवढंच मला या पत्रातून सांगायचं आहे.

आमेरचा शीशमहाल तू शाळेच्या सहलीत पाहिला असशील. आता पुन्हा बघ. तो ज्या जय मंदिरात आहे ते मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखलं जातं. 1665 साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांसमोर बसलेले तेच हे मिर्झाराजे. भिंतींत आणि छतात आरशांचे बारीक तुकडे बसवले आहेत. एक ज्योत लावली की प्रत्येक तुकड्यात तिची वेगळी प्रतिमा उमटते आणि छतभर चांदण्या दिसतात. पाच मिनिटं पाहायला याहून सुंदर काही नाही. पण त्या चांदण्यांकडे तोंड करून चार तास एका ठिकाणी नजर रोखायची असेल, तर प्रत्येक तुकडा डोळ्यात टोचणारा एक छोटा दिवा होईल.

हीच अडचण ‘मुघल-ए-आझम’ चित्रपटाच्या वेळी आली होती. शीशमहालाच्या दृश्यासाठी के. आसिफ यांनी अंधेरीच्या मोहन स्टुडिओत आरशांचा भलामोठा सेट उभारला, आणि छायालेखक आर. डी. माथूर यांच्यापुढे प्रश्न पडला की कुठलाही दिवा लावला तरी तो शेकडो आरशांतून परत कॅमेऱ्यात येतो. आरशांवर मेणाचा पातळ थर दिल्याचं सांगतात. माथूर यांनी कापडाच्या पट्ट्या मोक्याच्या जागी लावल्या, दिव्यांचा झोत थेट सेटवर न टाकता त्या कापडावर टाकला आणि तिथून परतलेल्या उजेडात चित्रण केलं. 1960 साली पडद्यावर आलेलं त्या सेटवरचं गाणं तुझ्या आजीला तोंडपाठ होतं. त्याच्या चार वर्षं आधी छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ चित्रपटासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं असताना, वर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता. तुला नेमकं हेच करायचं आहे. कापडाच्या जागी तुझ्याकडे भिंत आहे.

परतलेला उजेड इतका मऊ का वाटतो, हे जंतरमंतरमध्ये कळतं. सवाई जयसिंगांचं सम्राट यंत्र 27 मीटर उंच आहे. त्याची सावली संगमरवरी चापावरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांनी दिसते. त्या सावलीची कड बघ. ती रेघेसारखी तुटक नाही. काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यात उजेड हळूहळू विरत जातो. सूर्य म्हणजे बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढी थाळी आहे, म्हणून असं होतं. उजेडाचा उगम जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. त्याच दरबारात जगन्नाथ सम्राट होते, मूळ महाराष्ट्रातल्या वैदिक घराण्यातले. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ या नावाने. जयपूरच्या वेधशाळेच्या मुळाशी आपल्या मुलखातलं एक घराणं आहे याचा मला वर्गात सांगताना फार आनंद व्हायचा, म्हणून इथेही सांगितलं. तर सूत्र असं: एलईडीचा उघडा दाणा हा बिंदू आहे, त्याची सावली कडक पडते आणि त्याच्याकडे पाहवत नाही. तोच दाणा भिंतीकडे वळवला की उजळलेली भिंतच उगम होते, चार-पाच फूट रुंद. कीबोर्डवर बोटांच्या सावल्या जवळजवळ राहत नाहीत.

म्हणून पहिली खरेदी मॉनिटरच्या मागे लावायच्या पट्टीची. तुझा पडदा 27 इंची आहे, त्याच्या मागच्या कडेपासून जरा आत चिकटवायला दीड मीटर पट्टी पुरते. ती पांढरी हवी, 6500 केल्विनची, कारण पडद्याचा पांढरा त्याच छटेवर बेतलेला असतो. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, सीआरआय, 90 च्या वर बघून घे. तीन रंग मिसळून पांढरा करणाऱ्या आरजीबी पट्टीत हा पांढरा नीट जमत नाही. स्वतंत्र पांढरा दाणा असलेली पट्टीच घे. उजेड किती? पडदा पूर्ण पांढरा केल्यावर जेवढा उजळ दिसतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी मागची भिंत उजळावी. मॉनिटरचा उजळपणाही 100 ते 120 निट्सपर्यंत उतरव, अंधाऱ्या खोलीत तेवढा भरपूर होतो. याचा खेळातही फायदा आहे: भोवती थोडा उजेड असला की पडद्यावरचा काळा अधिक गडद भासतो.

पण तुझ्या मॉनिटरमागची भिंत गुलाबी आहे. 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून शहर त्या रंगात रंगवलं गेलं आणि तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात तो शोभतोही, पण पांढरा उजेड गुलाबी भिंतीवरून परतला की गुलाबीच होऊन येतो. डोळा त्या छटेला सरावतो आणि मग पडद्यावरचा पांढरा हिरवट वाटू लागतो. घरमालकांची भिंत रंगवायला नको. मॉनिटरच्या मागे फिक्या करड्या, चमक नसलेल्या सनमायकाचा किंवा साध्या कार्डबोर्डचा तुकडा उभा कर, म्हणजे झालं.

आता खोलीच्या उरलेल्या भागाकडे वळू. इथे हवा महाल आठव. सवाई प्रताप सिंगांनी 1799 साली बांधलेल्या त्या जाळ्यांमागून राण्यांना रस्ता दिसे, रस्त्यावरच्यांना राण्या दिसत नसत, कारण जाळीमागे अंधार असे आणि बाहेर ऊन. पाहणारा अंधारात, पाहायचं ते उजेडात. पडद्याचंही तसंच आहे. रात्रीच्या दृश्यात पडदा काळा होतो आणि तुझ्या पाठीमागे जे काही उजळ असेल ते त्यात उमटतं: ट्यूबलाइट, उघडं दार, खिडकी, उजेड पडलेला तुझा चेहरासुद्धा. म्हणून पाठीमागची बाजू अंधारी ठेव. टेबल असं लाव की खिडकी तुझ्या पाठीशी नको आणि तोंडासमोरही नको, एका बाजूला हवी. मेच्या दुपारी पश्चिमेचं ऊन तिथे भाजून काढतं, तेव्हा खिडकीला वाळ्याचा पडदा लाव. खोली गार राहील आणि मॉनिटरही नीट दिसेल.

दुसरी पट्टी 2700 केल्विनच्या पिवळसर उजेडाची घे आणि ती मॉनिटरच्याच बाजूच्या कपाटावर, कठड्यामागे आडवी ठेवून छताकडे वळव. खुर्चीतून तिचा एकही दाणा दिसता कामा नये. टेबलावर काच असेल तर काढून ठेव, नाहीतर घरीच शीशमहाल होईल.

रंगांबद्दल तू हळूच विचारलंस. मला रंग आवडतात, तुलाही आवडू देत. पण एक रंग निवड, आणि तो निळा किंवा जांभळा नको. डोळ्याचं भिंग निळा उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या जरा अलीकडेच एकत्र आणतं आणि नजरेच्या अगदी मध्यावर निळ्याच्या पेशी जवळजवळ नसतात, म्हणून निळ्या उजेडात कडा धूसर दिसतात. जांभळ्यात लाल आणि निळं दोन्ही असतं, डोळ्याला एकाच वेळी दोन्हींवर नजर बसवता येत नाही. केशरी घे, संध्याकाळी आमेरच्या दगडावर येतो तसा.

यापुढचं मात्र मी आग्रहाने सांगते आहे. लुकलुकणारे, तालावर भडकणारे मोड लावू नकोस. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळे झगमगाट सेकंदाला सुमारे 12 वेळा दाखवले गेले, आणि सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. बऱ्याच जणांना आपल्याला असा त्रास होऊ शकतो हे पहिल्या झटक्यापर्यंत माहीतच नसतं. तुझ्या खोलीत मित्रही येतात. दुसरा प्रकार न दिसणाऱ्या लुकलुकीचा. स्वस्त डिमर उजेड कमी करत नाही, तो वेगाने चालू-बंद करतो. पट्टी मंद करून तिच्यापुढे पेन्सिल जोरात हलव. तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर ती पट्टी परत कर. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तरीही परत कर.

झोपेचंही सांगते. डोळ्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत, त्या शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात, आणि 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सगळ्यांत जास्त जागतात. 2002 साली डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी या पेशींचं काम दाखवून दिलं. मॉनिटरमागची पांढरी पट्टी मंद असेल तर तिचं भय नको. रंगाइतकंच प्रमाणही महत्त्वाचं. झोपायच्या आधीच्या तासात मॉनिटर आणखी उतरव, पांढरी पट्टी बंद कर, छताकडची पिवळसर तेवढी राहू दे. आणि दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघ. तुझी खोली तेवढी लांब नाही, म्हणून बाल्कनीचं दार उघडून बघ.

शेवटी वायरिंग. 12 व्होल्टची पाच मीटरची पट्टी एकाच टोकाने जोडली की दुसरं टोक मंद पडतं, म्हणून 24 व्होल्टची घे. मीटरला 10 वॉट धरले तर तीन मीटरला 30 वॉट, त्यावर 40 वॉटचा ॲडॉप्टर. काठोकाठ क्षमतेचा घेऊ नकोस, तापतो. जयपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यात चिकटवलेल्या पट्टीचा गोंद सुटतो आणि दाणे लवकर मंदावतात. पट्टी ॲल्युमिनियमच्या खाचेत बसव, वर दुधी झाकण लाव. उष्णता धातूत जाईल आणि आंधीची धूळ झाकणावर बसेल, ती ओल्या फडक्याने पुसता येईल. ॲडॉप्टर खिडकीच्या पडद्यामागे, गादीखाली किंवा कपड्यांच्या कपाटात नको, मोकळ्या हवेत असू दे. भिंतीतल्या तारेला हात लावायचा असेल तर वायरमनलाच बोलाव.

आधी फक्त मॉनिटरमागची पट्टी आण आणि आठवडाभर तिच्यावरच खेळ. डोळ्यांना किती फरक पडला ते मला कळव, मग कपाटावरच्या पट्टीचं माप आपण मिळून ठरवू.

तुझी,
आत्या