रांगेतला बास्केटबॉल

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतले तरुण कवायतीला विटले होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत रोज त्याच कसरती. जेम्स नेस्मिथ या त्यांच्या शिक्षकाला वरिष्ठांनी नवा खेळ शोधायला सांगितलं. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि १८ जणांचे दोन संघ पाडले. बास्केटबॉल जन्मला तोच मुळी कवायतीच्या कंटाळ्यातून. आपण मात्र तो मुलांना कवायतीसारखाच शिकवतो.

कुठल्याही उन्हाळी शिबिरात डोकावा. एक रिंग, तिच्यासमोर २० मुलांची रांग. पुढच्याने ड्रिबल करत जायचं, रिंगखाली उडी घेऊन ले-अप मारायचा, चेंडू मागच्याला देऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. एकाला आठ सेकंद लागतात असं धरलं तर पाळी पुन्हा येते दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी. पंधरा मिनिटांत पाच-सहा ले-अप, बाकी वेळ पुढच्याची कॉलर ओढणं. मग सर शिट्टी मारून ‘लक्ष द्या’ म्हणून ओरडतात. कशाकडे लक्ष द्यायचं? रांग ही शिस्तीची नव्हे, शिकवणाऱ्याची सोय आहे.

त्या ले-अपला अडवणारंही कोणी नसतं. सामन्यात समोर कोणी हात पसरून उभं राहिलं की वर्षभर घोटवलेली पावलं विस्कटतात, आणि आपण म्हणतो, पोरगं घाबरलं. ते घाबरलेलं नसतं. पास द्यायचा की आत घुसायचं हे ठरवायची वेळच त्याच्यावर आजवर आलेली नसते. त्यापेक्षा तीन विरुद्ध तीन लावा. दोन रिंग असतील तर बारा जण एकाच वेळी खेळतात. उरलेल्यांना कडेला चेंडू देऊन ड्रिबल करत शिवाशिवी खेळू द्या, एकाला पंच करा, दर चार मिनिटांनी बदला. पास शिकवायचा आहे? ड्रिबल बंद. रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू पकडणं, शिकवायचं आहे? रिबाउंडवरच्या बास्केटला दुप्पट गुण. नियम बदलला की व्याख्यान न देता शिकवण होते. हे आपल्या गल्लीतल्या पोरांना कोणी सांगावं लागलं नाही. जागा अपुरी पडली तेव्हा त्यांनी क्रिकेटमध्ये ‘वन टप्पा आउट’ काढलं आणि चेंडू जमिनीलगत ठेवून मारायला आपोआप शिकली.

चेंडू आपटत पळणं, म्हणजे ड्रिबल, नेस्मिथच्या त्या १३ नियमांत नव्हतं. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, एवढंच त्याने लिहिलं होतं. वाट खेळाडूंनी शोधली. आज ज्याला आपण ‘बेसिक’ म्हणतो ते खेळणाऱ्यांनी नियमाच्या फटीतून काढलेलं आहे.

‘आधी पाया पक्का होऊ दे, मग खेळवू’ हे उत्तर मला पाठ आहे, आणि ते अगदीच फोल नाही. हजारदा हात फिरल्याशिवाय शॉट बसत नाही. पण हजारदा काय करायचं? १९७८ साली केर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना लहान पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. काहींनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून झाली, तेव्हा त्या अंतरावरून कधीच न टाकलेली मुलं सरस ठरली. एकाच जागेवरून घोटणं सरावात देखणं दिसतं, एवढंच.

अशी खेळाडूकेंद्री शिकवण म्हणजे लाड, असंही कोणी समजू नये. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वुडन सरावाचा मिनिटा-मिनिटाचा आराखडा कार्डावर लिहून आणत. १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या काही सरावांतलं बोलणं प्रकारवार टिपलं. निम्म्याच्या आसपास बोलणं होतं नेमकं काय, कसं करायचं याचं. शाबासकी जेमतेम सात टक्के. वाक्यं छोटी; ती संपली की सराव लगेच पुढे सुरू. कडक असूनही तो सराव मुलांचाच होता.

आणि रिंगचं काय? ती ३.०५ मीटरवर आहे, कारण नेस्मिथचा सज्जा दहा फुटांवर होता. आठ वर्षांची मुलगी तिथवर चेंडू पोचवायला तो कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावते, आणि तीच सवय पुढे मोडावी लागते. मिनी-बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा असतो. आपल्या बहुतेक शाळांत एकच उंची, आणि पुष्कळदा एकच चेंडू. शालेय स्पर्धांचे गट १४, १७, १९ वर्षांखालचे, दहावी-बारावीला क्रीडागुण; मग शाळा उंच पोरं शोधते, बुटक्यांना रांगेत ठेवते.

पालकांना एक विनंती. मुलांना न्यायला जाल तेव्हा पंधरा मिनिटं आधी जा. कोणतंही एक मूल निवडा आणि चेंडू त्याच्या हाती किती वेळा येतो ते मोजा. आकडा दहाच्या आत असेल तर फी भरण्याआधी सरांशी बोला.