स्वप्रकाशन आणि कर्तेपणाचा प्रश्न

स्वप्रकाशन, म्हणजे लेखकाने स्वखर्चाने ग्रंथ छापून तो स्वतःच वाचकापर्यंत नेणे, हे कर्म फलाशा सोडून करता येते का, हा प्रश्न अंबरनाथ-बदलापूरसारख्या गावांत, जेथील अनेक लेखक दिवसभर मुंबईत नोकरी करून रात्री मुद्रिते तपासतात, केवळ तात्त्विक राहत नाही. फर्म्यात, म्हणजे बहुधा सोळा पानांच्या छापील घडीत, राहिलेली वेलांटीची चूक प्रत्येक प्रतीत उतरते. पुढे गठ्ठे घरात रचावे लागतात, विक्रेत्याचे कमिशन सोडावे लागते आणि उधारीसाठी खेटे घालावे लागतात.

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देहरूप आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, नानाविध चेष्टा आणि दैव. मुखपृष्ठावर एकट्याचे नाव असले, तरी अक्षरजुळणी करणारा, बांधणी करणारा आणि अनोळखी वाचक यांच्यावाचून ग्रंथ उभा राहत नाही, हे स्वप्रकाशकाला जितके कळते तितके क्वचितच कुणाला कळत असेल. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाच्या 23 खंडांसाठी संपादनाबरोबर वर्गणीदार जमवण्याचाही भार वाहिला. फलत्याग म्हणजे हिशेबत्याग नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरात सिंधी पुस्तक स्वतः छापणाऱ्याची कसोटी तर याहून कठीण आहे, कारण अरबी वळणाची सिंधी लिपी वाचणारे नव्या पिढीत कमी होत चालले आहेत, हे जाणूनच तो छपाईचे पैसे भरतो.