पंचावर उचललेला पाय

देवगाव फाट्यावर सेलू-जिंतूरच्या गाडीची वाट पाहत माणसं टपरीवर टेकतात. कुस्तीचा विषय निघाला की मोबाईलवर अजूनही तीच कुस्ती लावली जाते. "थांबव, इथं थांबव. खांदा वर आहे बघ," असं म्हणत एखादा बोट ठेवून दाखवतो.

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम लढत. शिवराज राक्षे नांदेडकडून उतरलेला, म्हणजे आपला मराठवाड्याचा. पृथ्वीराज मोहोळने त्याला चितपट केल्याचं पंचांनी जाहीर केलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत मोहोळसमोरचा महेंद्र गायकवाडही पंचांवर चिडून, काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. दोघांवर ३ वर्षांची बंदी आली.

फाट्यावरचा राग खोटा नाही. वर्षानुवर्षांची मेहनत, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुरवलेला खुराक, आणि सगळं पंचाच्या एका इशाऱ्यावर. पंचही माणूस आहे, त्याची नजर चुकू शकते. म्हणून दाद मागण्याचा हक्क पैलवानाला हवाच, आणि चित्रीकरण तिथल्या तिथे, सर्वांसमोर तपासलं गेलं पाहिजे. पण पाय उचलला गेला आणि खांद्याचा प्रश्न मागे पडला. जो तो लाथेवरच बोलू लागला. आणखी एक नुकसान झालं, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही: मोहोळच्या वाट्याचा आनंदही त्या गोंधळात झाकोळला. त्याचा काय गुन्हा होता?

हे जगभर घडतं. ३१ मे २०२३ रोजी बुडापेस्टमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात रोमाचा संघ सेव्हियाकडून पेनल्टीवर हरला. दुसऱ्या दिवशी संतापलेल्या चाहत्यांनी पंच अँथनी टेलर यांना विमानतळावर घेरलं. सोबत त्यांचं कुटुंब होतं. त्या गर्दीतल्या प्रत्येकाला आपण न्यायासाठी भांडतोय असंच वाटत असणार.

खरंच न्यायासाठी का? जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या लढतीत सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडला टांग डावावर ४ गुण मिळाले. त्या गुणांवरून राज्यभर वादळ उठलं, पंचांना फोनवर धमकी गेली. तेव्हा वादातला निर्णय गायकवाडच्या बाजूचा होता. दोनच वर्षांनी तोच पैलवान पंचांवर संतापला. पंचाचा निर्णय कधी आपल्याला तारतो, कधी बुडवतो. बुडालेलं आपण जन्मभर मोजतो, तरलेलं मात्र आपल्या ताकदीच्या खात्यावर मांडतो.

आपल्या जत्रांमधल्या फडांत गावचाच एखादा जुना पैलवान पंच म्हणून उभा राहतो. मानधन नाही, संरक्षण नाही. आहे ती लोकांच्या विश्वासाची शिदोरी. त्याच्या अंगावर हात टाकायची रीत पडली, तर उद्या शहाणा माणूस आखाड्यात पाऊल ठेवणार नाही. मग निकाल लावेल तो दांडगा जमाव, आणि गरिबाच्या पोराला दाद मागायला जागाच उरणार नाही.

म्हणून जाब जरूर विचारा. लेखी विचारा, चित्रीकरण समोर ठेवून विचारा, कुस्तीगीर संघाला उत्तर द्यायला भाग पाडा. आणि ज्या दिवशी चुकीचा निकाल आपल्या पोराच्या बाजूने लागेल, त्या दिवशीही तोच अर्ज घेऊन उभे राहा.