झाडावरचा आकडा

अर्धापूरच्या आमच्या जुन्या घरातील माजघराची जमीन नव्याने करावयाची ठरली, तेव्हा स्थापत्यशास्त्र शिकलेल्या भाच्याने सुचविले, "मामा, बुचाची फरशी घाला. तिच्यासाठी झाड तोडावे लागत नाही." बाटलीच्या तोंडचे बूच पायाखाली यावयाचे, हे ऐकून घरातील मंडळींस हसू आले. मला मात्र त्याच्या शेवटच्या वाक्याने विचारात पाडले. ज्यापासून घ्यावयाचे त्याचा नाश न करता घेणे मनुष्यास साधते काय?

आपल्याकडे सुवासिक पांढऱ्या फुलांच्या ज्या वृक्षास बुचाचे झाड म्हणतात, त्याचे हे बूच नव्हे. पोर्तुगाल, स्पेन आदी देशांत वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची ती साल होय. झाड सुमारे 25 वर्षांचे झाल्यावाचून साल काढीत नाहीत. एकदा काढल्यावर पुन्हा निदान 9 वर्षे थांबतात. बाटलीच्या बुचास योग्य अशी साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर मिळते. बुचे करून उरलेला चुरा दाबून ही फरशी होते. तिच्यातील सूक्ष्म कप्प्यांत हवा कोंडलेली असल्यामुळे ती पायास मऊ व उबदार लागते.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती तेथील एक साधी रीत. साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा अंक बुंध्यावर रंगवितात. 2024 साली काढली असेल, तर झाडावर 4 हा आकडा. मालकाने स्वतःच्या लोभास चारचौघांदेखत घातलेली ही मर्यादाच नव्हे काय? आम्ही केळीच्या मुलखातील माणसे. लागवडीनंतर वर्षभराने घड उतरविण्याची आम्हांस सवय. नातवासाठी झाड लावणाऱ्याचा संयम आम्हांस नवलाचा वाटावा, यात आश्चर्य नाही.

कोणी म्हणेल, आपली शेणामातीची भुई काय वाईट होती? तीही पृथ्वीचे काही हिरावून घेत नव्हती. मीही हेच आईस म्हणालो. ती म्हणाली, "पृथ्वीचं काही गेलं नाही, खरं; गुडघे माझे गेले." मी निरुत्तर झालो. शहाबादी फरशीचा दगड खाणीतून एकदा काढला की पुन्हा उगवत नाही. परंतु दर आठवड्याचे सारवण तिनेच चुकविले. पृथ्वीवरील भार उतरवून तो घरातील एकीच्या अंगावर टाकणे, यास सदाचार म्हणता येणार नाही. वस्तूचा चांगुलपणा पारखताना झाडाबरोबर माणसासही विचारले पाहिजे.

अखेर समुद्रापलीकडून बूच आणविले नाही. पडवीतील जुन्याच शहाबादी फरश्या उचलून माजघरात बसविल्या. त्यामुळे नवा दगड फोडावा लागला नाही आणि आईचे गुडघेही वाचले. पण तो आकडा काही मनातून जात नाही. 2016 साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या भूमीतून आपण वर्षानुवर्षे पाणी उपसत आलो, तिच्यावर 'अमुक वर्षे थांबा' असा आकडा कोणी लिहिला होता? झाडाचा आकडा दुसरा कोणी लिहीत नाही. घेणाराच स्वतःच्या हाताने लिहितो. आपल्या विहिरींवर व कूपनलिकांवर तो लिहिण्याचे काम आपल्यावाचून दुसरे कोण करणार?