वाचला, त्याच्यावरच कृपा?




माझ्या भाच्याला वैमानिक व्हायचंय, म्हणून तो घरच्या ग्रुपवर विमानांचं काही ना काही पाठवत असतो. मागच्या आठवड्यात त्याने 2018 च्या सप्टेंबरातली एक घटना पाठवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बेव्हर्ली नावाचं छोटं विमानतळ आहे. तिथून 17 वर्षांची एक विद्यार्थिनी लहानसं पायपर विमान घेऊन एकटीच उडाली, आणि उडतानाच विमानाचं एक चाक निखळून पडलं. रेडिओवरून तिला ते कळलं. वर आकाशात एकटी पोर आणि खाली टेकवायला चाक नाही! तिचा आवाज कापत होता. मग तिचे शिक्षक रेडिओवर आले, तिला धीर देत राहिले, काय करायचं ते सांगत राहिले. विमान उतरलं, धावपट्टी सोडून गवतात घसरत गेलं आणि थांबलं. मुलगी सुखरूप बाहेर आली.

वाचून माझे डोळे भरून आले. लगेच मी आपल्या सत्संगाच्या ग्रुपवर लिहिलं, "बघा, गुरु दूर राहूनही असा हात धरतात. यालाच कृपा म्हणतात!" भराभर हात जोडलेले आले.

संध्याकाळी आपल्यातल्याच एका ताईंचा फोन आला. 4 वर्षांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "एक विचारू का हो? माझ्या मुलावर कृपा कमी पडली का?"

मला उत्तर सुचेना. रात्रभर डोळा लागला नाही.

मग आपल्याच मध्य प्रदेशातली गोष्ट आठवली. 3 जानेवारी 2020 च्या रात्री सागरजवळ ढाना इथल्या हवाईपट्टीवर उतरताना प्रशिक्षणाचं सेसना विमान कोसळलं. शिक्षक आणि विद्यार्थी, दोघेही गेले. तिथे तर शिकवणारे शेजारच्याच खुर्चीत होते! बेव्हर्लीला शिक्षक लांब, तरी शिष्या वाचली. ढानाला शिक्षक जवळ, तरी दोघेही गेले. मग निकाल बघून कृपेचा हिशोब कसा मांडायचा?

अभिमन्यू तर प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा सख्खा भाचा. आत शिरायचं शिकला होता, बाहेर पडायचं राहून गेलं. म्हणून कृष्णाचं त्याच्यावर प्रेम नव्हतं, असं आपण कधी म्हणतो का?

मला वाटतं, कृपा शेवटच्या क्षणी वरून टपकत नाही. त्या शिक्षकांनी काही चाक परत बसवलं नाही. विमान त्या मुलीनेच उतरवलं, आधी शिकलेल्या गोष्टींच्या बळावर. कृपा त्या शिकवण्यात होती आणि संकटात सोबत राहण्यात होती. ढानाच्या त्या विद्यार्थ्यालाही ती मिळालीच होती. बाकी धुकं, यंत्र, वेळ, रस्त्यावरचा समोरून येणारा ट्रक, हे सगळं कुणाच्या हातात असतं?

भाचा आणखी एक सांगतो. शिकाऊ वैमानिकांना पहिल्यापासून बजावतात की उतरताना वेग, उंची, दिशा काही चुकतंय असं वाटलं तर हट्ट करू नका. परत वर जा, फेरी मारा, पुन्हा या. याला 'गो-अराउंड' म्हणतात आणि त्यात काही कमीपणा नाही. माझा तो मेसेज म्हणजे घाईघाईने केलेलं लँडिंगच होतं. आदळलं मात्र दुसऱ्याच्या काळजावर.

सकाळी मी ताईंकडे गेले. म्हटलं, "कृपा कमी पडली नाही हो, माझी समज कमी पडली." त्यांनी चहा टाकला. मग मुलाबद्दल बोलत बसल्या. कुठेही गेला की "पोचलो" एवढा मेसेज न चुकता करायचा, म्हणाल्या. तो मेसेज त्यांनी अजून जपून ठेवलाय.

म्हणून सगळ्यांना हात जोडून एक विनंती. आपलं माणूस वाचलं तर गुरुमाऊलींचे आभार जरूर माना. पण "श्रद्धा होती म्हणून वाचलो" असं लिहिण्याआधी क्षणभर थांबा. ग्रुपवर कोण कोण आहे ते आठवा, आणि गरज वाटली तर एक फेरी मारून परत या.

चूकभूल द्यावी घ्यावी.
— एक सेविका, इंदूर